जुन्या लॅपटॉपवर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही? प्रॉडक्ट की शोधण्याआधी लायसन्स शोधा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज' दिसायला लागलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुठून तरी मिळालेली प्रॉडक्ट की टाकून बघतात, नाहीतर सरळ फॉरमॅट मारतात. दोन्हींनी काम वाढतं. नवी की टाकली की आधीच्या लायसन्सची खूण पुसली जाते. फॉरमॅट मारला तर डेटा जातो, आणि चुकीची एडिशन (होम, प्रो असा विंडोजचा प्रकार) पडली तर ॲक्टिव्हेशनचा प्रश्न होता तिथेच राहतो.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत खरा प्रश्न 'या एरर कोडचा अर्थ काय' हा नसतोच. या मशिनला लायसन्स कुठून मिळालं होतं, हा असतो. ते एकदा कळलं की निम्म्याहून जास्त एरर आपोआप उलगडतात. म्हणून इथे कोडकडे आपण उशिरा वळणार आहोत.

सुरुवातीला तीन शब्द वेगळे करून घ्या, कारण सगळा घोळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. लायसन्स म्हणजे विंडोज वापरायचा हक्क. प्रॉडक्ट की म्हणजे त्या हक्काचा २५ अक्षरी पुरावा, पाच-पाचच्या पाच गटांत. आणि ॲक्टिव्हेशन म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने तो हक्क तुमच्या मशिनशी ताडून पाहणं. की हरवली तरी लायसन्स शाबूत असू शकतं, आणि की हातात असूनही लायसन्स नसू शकतं.

घाबरायचं किती

विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट नसली म्हणून बंद पडत नाही. फायली उघडतात, प्रोग्रॅम चालतात, इंटरनेट चालतं. वॉलपेपर, रंग, थीम सेटिंग्जमधून बदलता येत नाहीत आणि कोपऱ्यातलं ते वाक्य हटत नाही. विंडोज ७ जास्त सतावते: डेस्कटॉप काळा होतो आणि 'ही प्रत अस्सल नाही' अशा अर्थाचा मजकूर येत राहतो. पण तिथेही तुमच्या फायलींना कुणी हात लावत नाही. तेव्हा आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मग निवांतपणे कामाला लागा.

सपोर्ट संपणं आणि ॲक्टिव्हेशन जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेनंतर नेहमीची सुरक्षा अपडेट थांबतात. ॲक्टिव्ह असलेली विंडोज ॲक्टिव्हच राहते. पडद्यावर सपोर्ट संपल्याची सूचना आली असेल तर या लेखातलं काहीही करायची गरज नाही.

कमांड आणि कोड वाचायची रीत

इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं घ्या. 'एसएलएमजीआर /डीएलआय' म्हणजे एस, एल, एम, जी, आर, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, आय. स्पेस विसरली तर कमांड चालत नाही, आणि नवख्यांची पहिली ठेच बहुधा तिथेच लागते.

एरर कोड शून्य आणि एक्स या दोन चिन्हांनी सुरू होतात. ती दोन मी गाळली आहेत. उरलेली आठ चिन्हं वाचायला सोपी जावीत म्हणून चार-चारच्या दोन गटांत दिली आहेत.

कमांड चालवण्यासाठी स्टार्टवर क्लिक करून 'सीएमडी' टाइप करा, वर आलेल्या कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. हे टाळलंत तर ८००७ ०००५ हा कोड मिळतो. परवानगी नाही, एवढाच त्याचा अर्थ. लायसन्सशी त्याचा काही संबंध नाही.

पायरी १: काय बसवलंय ते बघा

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि पान खालपर्यंत सरकवा. तिथल्या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या, किंवा मोबाइलने फोटो काढा: एडिशनचं पूर्ण नाव, स्थिती सांगणारं वाक्य आणि एरर कोड.

एडिशनचं नाव पूर्ण लिहा म्हणतो ते उगाच नाही. 'होम' आणि 'होम सिंगल लँग्वेज' या दोन निरनिराळ्या एडिशन आहेत. विंडोज ८ पासून पुढे बऱ्याच लॅपटॉपवर कारखान्यातूनच सिंगल लँग्वेज येत असे आणि मालकाला ते कधी कळतही नसे.

पायरी २: तारीख आणि नेट

जुन्या लॅपटॉपवर हे आधी तपासायचं, कारण त्यांच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी उतरलेली असते. बहुतेक वेळा ती सीआर२०३२ जातीची बटणासारखी चकती असते. लॅपटॉपमध्ये तिला अनेकदा वायर आणि छोटा कनेक्टर जोडलेला असतो. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती मेली की ॲडॅप्टर काढून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते.

मागच्या तारखेचा आणि ॲक्टिव्हेशनचा संबंध असा: विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीने बोलते आणि त्या जोडणीसाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासते. प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपच्या घड्याळात जुनं वर्ष असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. जोडणी नाकारली जाते आणि ८००७ २एफ८एफ हा कोड येतो. ब्राउझरही जवळपास प्रत्येक साइटवर 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून ओरडत असेल तर शंकेला जागाच नको.

तारीख, वेळ आणि टाइमझोन तिन्ही दुरुस्त करा. वेळ बरोबर आणि टाइमझोन चुकीचा, हा प्रकारही पुष्कळदा दिसतो. मग तारीख-वेळेच्या सेटिंगमध्येच 'सिंक नाऊ' दाबा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर ती बॅटरी बदलून घ्या. नाहीतर हाच खेळ पुन्हा पुन्हा करावा लागेल.

नेटच्या बाजूने सी००४ एफसी०३ आणि ८००७ २६७सी हे दोन कोड दिसतात. लॅपटॉप सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, इतकंच ते सांगतात. व्हीपीएन बंद करा, प्रॉक्सी लावली असेल तर काढा, अँटिव्हायरसचं फायरवॉल थोडा वेळ थांबवा, किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. ऑफिस किंवा कॉलेजच्या वायफायवर अडकत असेल तर हॉटस्पॉटने बहुतेक वेळा काम होतं.

पायरी ३: लायसन्सची जात ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर /डीएलआय' टाइप करून एंटर दाबा. काही सेकंद काहीच होत नाही. पुन्हा पुन्हा एंटर मारू नका, जुन्या डिस्कवर वेळ लागतो. मग एक छोटी खिडकी उघडते. पहिल्या ओळीत एडिशन. दुसऱ्या ओळीत 'डिस्क्रिप्शन' असतं आणि तिच्या शेवटी 'चॅनल' हा शब्द. त्याच्या अलीकडचा शब्द आपल्याला हवा आहे. खाली 'पार्शियल प्रॉडक्ट की' म्हणून किल्लीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, आणि त्याखाली लायसन्सची स्थिती.

चॅनलच्या जागी काय लिहिलंय त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

'ओईएम_डीएम' असेल तर उत्तम. (ओईएम म्हणजे लॅपटॉप बनवणारी कंपनी.) विंडोज ८ पासून लॅपटॉप बनवणारे प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच राहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहून देऊ लागले. डिस्क बदला, फॉरमॅट करा, की तिथेच राहते. असा लॅपटॉप ॲक्टिव्हेट होत नसेल तर तारीख, नेट किंवा चुकीची एडिशन यांपैकीच काहीतरी कारण सापडतं.

'ओईएम_एसएलपी' हा विंडोज ७ आणि व्हिस्टाच्या काळातला प्रकार. कंपनी आपल्या हजारो लॅपटॉपवर एकच की टाकायची आणि बायोसमधल्या (म्हणजे त्या काळच्या फर्मवेअरमधल्या) खुणेवरून विंडोज ते मशिन ओळखायची. अशा लॅपटॉपच्या पोटाशी वेगळी की छापलेला स्टिकरही असायचा. कंपनीने दिलेल्या रिकव्हरीतून विंडोज टाकली तर एसएलपी चालते. बाहेरच्या डिस्कवरून टाकली तर स्टिकरवरची की वापरावी लागते आणि ती अनेकदा फोनवरूनच ॲक्टिव्हेट होते. स्टिकरची की टाकली असेल तर चॅनलमध्ये 'ओईएम_सीओए' दिसतं.

'रिटेल' म्हणजे सुटी विकत घेतलेली विंडोज, किंवा विंडोज १० पासून सुरू झालेलं डिजिटल लायसन्स. सुटं विकत घेतलेलं लायसन्स जुन्या मशिनवरून काढून नव्यावर नेता येतं. लॅपटॉपसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या लॅपटॉपपुरतंच. लॅपटॉप भंगारात गेला की तेही गेलं.

'व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट' दिसलं तर थांबा. सेकंडहँड आणि रिफर्बिश्ड लॅपटॉपची निम्मी दुखणी इथे निघतात. मोठ्या संस्था आपल्या नेटवर्कवर स्वतःचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर ठेवतात, त्यालाच केएमएस म्हणतात. त्यांचे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टला विचारत नाहीत, त्या सर्व्हरला विचारतात. मिळालेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि लॅपटॉप दर ७ दिवसांनी ते नवं करून घ्यायचा प्रयत्न करतो. लॅपटॉप संस्थेतून विकला गेला की तो सर्व्हर त्याला पुन्हा भेटत नाही. म्हणून 'घेतला तेव्हा सगळं ओरिजिनल होतं, सहा महिन्यांनी अचानक ॲक्टिव्हेशन गेलं' ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते. विकणाऱ्याने फसवलं असेलच असं नाही; त्यालाही ठाऊक नसतं. अशा वेळी दिसणारे कोड सी००४ एफ०७४ आणि ८००७ २३२बी.

मुदत बघायची असेल तर 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' चालवा. 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' असं आलं तर प्रश्न मिटला. तिथे एखादी तारीख दिसली तर ते कायमचं लायसन्स नाही, त्या तारखेला कोपऱ्यातलं ते वाक्य येणार. सेकंडहँड लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधीच ही एक कमांड चालवून बघावी.

केएमएसचा दुसरा स्रोत म्हणजे क्रॅक. नेटवर फुकट मिळणारे 'ॲक्टिव्हेटर' लॅपटॉपवरच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात किंवा अनोळखी सर्व्हरकडे बोट दाखवतात. डीएलआयच्या खिडकीत केएमएस मशिनचा पत्ता १२७ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉप स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतोय. असलं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि बंद केल्यावर त्याने आत काय सोडलं ते बघायला कुणीच नसतं. त्या लॅपटॉपवर बँकेचा पासवर्ड टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कोरी विंडोज टाका.

पायरी ४: लॅपटॉपची मूळ की बाहेर काढा

केएमएस दिसलं म्हणून निराश होऊ नका. संस्थेच्या त्या लॅपटॉपला कारखान्यातून स्वतःची की मिळालेली असण्याची बरीच शक्यता असते. तिच्यावर नुसतं व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे संस्थेने अनेक मशिनसाठी एकत्र घेतलेलं लायसन्स, चढवलेलं असतं. फर्मवेअरमधली की वाचायची कमांड अशी:

डब्ल्यूएमआयसी पाथ सॉफ्टवेअरलायसेन्सिंगसर्व्हिस गेट ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी

'सॉफ्टवेअर', 'लायसेन्सिंग' आणि 'सर्व्हिस' हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे. शेवटच्या तुकड्यात ओ, ए, मग आकडा ३, मग एक्स, आणि त्याला चिकटून 'ओरिजिनल', 'प्रॉडक्ट', 'की'. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांतून ही कमांड काढलेली आहे, पण जुन्या लॅपटॉपवरच्या विंडोजवर चालते. उत्तरात २५ अक्षरी की आली तर ती जपून लिहून ठेवा. ओळ कोरी आली तर फर्मवेअरमध्ये की नाही. लॅपटॉप बहुधा विंडोज ७ च्या काळातला आहे, नाहीतर मदरबोर्ड बदललेला आहे.

की मिळाली की जुनं काढून ती बसवा. 'एसएलएमजीआर /यूपीके' ने सध्याची की निघते, 'एसएलएमजीआर /सीकेएमएस' ने केएमएस सर्व्हरचा पत्ता पुसला जातो, 'एसएलएमजीआर /आयपीके' नंतर स्पेस देऊन नवी की लिहिली की ती बसते, आणि 'एसएलएमजीआर /एटीओ' ने ॲक्टिव्हेशनचा प्रयत्न होतो. दुसरी की हातात असल्याशिवाय पहिली कमांड चालवायची नाही.

स्टिकर वाचायचा असेल तर

विंडोज ७ च्या लॅपटॉपचा स्टिकर खालच्या बाजूला असतो, कधीकधी बॅटरी काढल्यावर तिच्या खोबणीत सापडतो. वर्षानुवर्षं मांडीवर घासून त्यावरची शाई उडालेली असते. इथे एक गोष्ट कामाला येते: विंडोज ७ च्या किल्लीत सगळी अक्षरं येतच नाहीत. शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात. एल, एन, एस, झेड हीही नसतात. (विंडोज ८ पासून एन येऊ लागलं.) म्हणजे गोल दिसणारं चिन्ह शून्य किंवा ओ असूच शकत नाही, ते क्यू, डी किंवा जी असणार. उभी रेघ दिसली तर ती एक किंवा आय नव्हे. टी, पी किंवा एफचा उरलेला दांडा असेल. खरा गोंधळ बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय एवढ्याच जोड्यांत होतो. स्टिकरवर टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. सरळ प्रकाशात न दिसणारी अक्षरं तिरप्या प्रकाशात पुष्कळदा उठून दिसतात.

पायरी ५: आता कोडकडे

सी००४ एफ०५०: की चुकीची. आधी टायपिंग तपासा, वरच्या जोड्या डोळ्यांखालून घाला. तरीही तेच आलं तर ती की या विंडोजसाठी नाही.

सी००४ सी००३: सर्व्हरच्या मते ही की ब्लॉक केलेली आहे. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या किल्ल्यांचा शेवट बहुतेकदा असा होतो: एखाद्या संस्थेची व्हॉल्यूम की फोडून शेकडो जणांना विकलेली असते आणि मायक्रोसॉफ्ट ती बंद करतं. यावर कमांडचा उपाय नाही. विकणाऱ्याकडे पैसे मागा.

सी००४ सी००८: की खरी आहे, पण ठरलेल्यापेक्षा जास्त मशिनवर वापरली गेली. सुटी विकत घेतलेली असेल आणि जुना लॅपटॉप तुम्ही टाकून दिला असेल, तर फोनचा मार्ग वापरा. तो पुढे दिला आहे. सी००४ सी०२० तसाच, फक्त संस्थेच्या सामायिक किल्लीचा कोटा संपल्यावर येणारा.

सी००४ एफ२१० आणि सी००४ एफ२१२: एडिशन जुळत नाही.

सी००४ एफ२१३ आणि ८०३एफ ७००१: या मशिनच्या नावावर लायसन्सच सापडलं नाही. मदरबोर्ड बदलल्यावर हेच दिसतं. सी००४ एफ००एफ त्यांचाच भाऊ: हार्डवेअर इतकं बदललं की मशिन ओळखू येत नाही.

सी००४ ई००३: कुठल्या तरी सॉफ्टवेअरने विंडोजच्या फायलींत ढवळाढवळ केली आहे. क्रॅक काढून टाकल्यावर हा कोड आला तर नवल नाही. 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा. त्याने फायली दुरुस्त झाल्या नाहीत तर विंडोज १० वर 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' चालवा आणि मग पहिली कमांड पुन्हा. जुन्या हार्डडिस्कवर याला बराच वेळ लागतो. टक्केवारी एका आकड्यावर अडकलेली दिसली तरी खिडकी बंद करू नका.

एडिशनचा घोळ

हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण तो सगळ्यात साधा असून सगळ्यात जास्त चकवतो. लॅपटॉपला लायसन्स होम सिंगल लँग्वेजचं. विंडोज टाकून देणाऱ्याने सवयीने प्रो टाकली. आता सर्व्हरकडे या मशिनच्या नावावर होम सिंगल लँग्वेजचा हक्क नोंदलेला आहे आणि मशिन प्रोसाठी मागणी करतंय. नकार येणारच. तुम्ही म्हणता, 'लॅपटॉप तर ओरिजिनल होता!' आणि ते खरंही असतं.

होमवरून प्रोवर जाणं प्रोची की टाकून होतं, पुन्हा विंडोज टाकावी लागत नाही. उलटा प्रवास मात्र नव्याने विंडोज टाकूनच करावा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवा. इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा. अनेकांना हा पर्याय चोरवाट वाटते, पण डिजिटल लायसन्स असलेल्या मशिनसाठी तोच सरळ मार्ग आहे. त्यानंतर एडिशनची यादी येईल, तिथे लायसन्समध्ये आहे तीच एडिशन निवडा. यादीत नावापुढे एन असलेल्या एडिशनही दिसतात. त्या वेगळ्या असतात, त्यांना हात लावू नका. फर्मवेअरमध्ये की असेल तर ही यादी बहुतेकदा येतच नाही. इन्स्टॉलर की वाचून स्वतःच एडिशन ठरवतो. विंडोज सुरू झाल्यावर नेटला जोडा, थोड्या वेळात ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

सात किंवा आठवरून दहावर आलेले लॅपटॉप

विंडोज १० २९ जुलै २०१५ ला आली तेव्हा ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट अपग्रेड होतं. त्या काळात अपग्रेड झालेल्या लॅपटॉपच्या नावावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर डिजिटल लायसन्स नोंदलं गेलं. जाहीर मुदत २०१६ च्या जुलैत संपली तरी जुनी की टाकून विंडोज १० ॲक्टिव्हेट होत राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मार्ग बंद केल्याचं कळवलं. तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर पूर्वी एकदा जरी विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेली असेल, तर त्याच एडिशनची विंडोज १० पुन्हा टाका. स्टिकरवरच्या किल्लीची गरज नाही. आजवर कधीच झालेली नसेल, तर स्टिकरची की विंडोज १० साठी चालेल या भरवशावर राहू नका.

मदरबोर्ड बदलला असेल तर

रॅम वाढवली, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते नवं मशिन. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून यावर उपाय आहे, पण त्याची तयारी आधी करावी लागते: लॅपटॉप चालू असतानाच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून ठेवायचं. ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स तुमच्या अकाउंटशी जोडलेलं आहे' असं वाक्य दिसलं की झालं. लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार असाल तर टाकण्याआधी हे करा.

बोर्ड बदलून आल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबा. ते थोडं चाचपडेल, मग 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय देईल. तेच अकाउंट टाका, यादीतून आपला लॅपटॉप ओळखा, 'मी सध्या हेच मशिन वापरतोय' यावर खूण करा आणि ॲक्टिव्हेट दाबा. यादीत एकसारखी विचित्र नावं असतील तर लॅपटॉपचं जुनं नाव आठवावं लागतं. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून बोर्ड बदलला असेल तर नव्या बोर्डात की लिहून मागता येते. बिल हातात असताना विचारा.

फोनचा मार्ग

की खरी आहे, हक्क तुमचा आहे आणि ऑनलाइन मात्र होत नाही, अशा वेळी 'एसएलयूआय ४' ही कमांड चालवा. (एसएलयूआय आणि ४ यांच्यामध्ये स्पेस.) देश निवडल्यावर पुढे कुठे संपर्क करायचा ते आणि आकड्यांचे गट असलेला लांबलचक इन्स्टॉलेशन आयडी दिसतो. तो आयडी दिल्यावर पलीकडून कन्फर्मेशन आयडी मिळतो. तो ए ते एच अशा आठ चौकटींत भरायचा. आकडे ऐकताना कागदावर गटागटाने लिहा आणि मगच टाइप करा. 'ही की किती मशिनवर वापरली आहे' असं विचारलं तर खरं ते सांगा. जुना लॅपटॉप टाकून दिला असेल तर तसं सांगितल्याने काम अडत नाही. ती खिडकी मात्र मधेच बंद करू नका, काम संपेपर्यंत उघडी ठेवा.

मदत मागताना

एवढं करूनही गाडी अडली, तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे जायचं. ओईएम लायसन्सची जबाबदारी लॅपटॉप कंपनीची असते, त्यामुळे तिथे आधी विचारलेलं बरं. सोबत पायरी १ ला उतरवलेला कागद, डीएलआयच्या खिडकीचा फोटो, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि असेल तर खरेदीची पावती ठेवा. पूर्ण २५ अक्षरी की कुठल्याही ग्रुपवर किंवा उघड्या पानावर टाकू नका. शेवटची पाच अक्षरं सांगितली तरी ओळख पटायला पुरेशी होतात. आणि 'रिमोटवरून दोन मिनिटांत करून देतो' म्हणून स्वतःहून फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला लॅपटॉपचा ताबा देऊ नका. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही.